चंदीचा जमाखर्च

हुक्केरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात
मी मोडी वाचून देतो. पानाला साठ रुपये.
मुगळी वकिलांना हवी असते फक्त हद्द:
पूर्वेस ओढा, दक्षिणेस चिंच,
बाकीचं ऱ्हाऊ द्या की ओ, म्हणतात,
अशिलाला संकेश्वरची बस गाठायचीय.

परवा एक बाड आलं, कोणकेरीच्या इनामाच्या दाव्यातलं.
हद्द त्यात नव्हतीच.
घोड्यांच्या चंदीचा हिशेब होता.
लिहिणार नरसो अनंत, पागेचा कारकून.
अक्षर बारीक, चिडक्या माणसाचं,
वरची रेघ मात्र पानभर एका दमात ओढलेली.

बसवंतराव सरलष्कर म्हणजे
ज्याच्या नावानं घाटापासून घटप्रभेपर्यंत
दिवसाढवळ्या कड्या लागायच्या.
नरसोच्या वहीत तो महिन्यातून एकदा येतो,
शिक्क्यापुरता.
एकदा शिक्क्याशेजारी शेरा: पाच शेर जास्ती का.
चार ठाणी एका पंधरवड्यात गिळलेला माणूस
पाच शेरांसाठी कारकुनाला उन्हात उभा करत होता.
वीस वर्षं.

मग हे पान.
आश्विन वद्य नवमी. पहाटे कूच नदीपार, घोडी सातशे.
सांजेस परत येणार, ऐसा हुकूम.
दर घोड्यास तीन शेर.
हरभरा बावन्न मण वीस शेर,
सोळा डोणींत भिजत घातला.

लढाईबद्दल नरसो एक अक्षर लिहीत नाही.
ते मला गुरुशिद्ध हडपदानं सांगितलं,
कोणकेरीच्या कट्ट्यावर, माझी दाढी करता करता,
त्याला त्याच्या आजानं, आजाला आणि कुणी:
चित्रा नक्षत्राचा पाऊस रात्रभर पडून गेलेला,
हिरण्यकेशीकाठची काळी फुगलेली.
घोडं पोटापर्यंत रुतलं की घोडं ऱ्हात नाही, बघा,
खांब होतंय.
पलीकडचे बंदूकवाले ज्वारीत बसलेले,
वाती घोंगड्याखाली कोरड्या ठेवून.
त्यांना उठावंसुद्धा लागलं नाही.
किती वेळ चाललं?
वस्तरा थांबवून तो म्हणाला,
भाकरी थापून होईस्तोवर.
त्यावर माझा विश्वास नाही, पण मी मान हलवली नाही,
वस्तरा गळ्यावर होता.

सांज, लिहितो नरसो.
आली घोडी एक्केचाळीस.
दिली चंदी तीन मण तीन शेर.
शिल्लक एकोणपन्नास मण सतरा शेर.
मी बोटांवर करून पाहिलं. बरोबर आहे.

खाली थोडी कोरी जागा.
मग फिकट शाईत, बहुधा पाणी घालून वाढवलेल्या:

इसम एक. अनवाणी. डोणीतून घेतले मूठभर.
नाव पुसिले नाही.

हा नरसो, बरं का,
जो मोतद्दारांच्या पोरांचीसुद्धा नावं लिहायचा,
बापाच्या नावासकट.
अंधार असेल. पण वीस वर्षं ज्याची चाल ऐकली
त्याला ओळखायला उजेड लागतो?
मूठ हे काही माप नाही,
शेरात बसत नाही, अदशेरीत बसत नाही.
लिहिली नसती तरी बेरीज चुकली नसती.

दशमीला नोंद नाही.
एकादशी: हरभऱ्यास मोड आले.
त्रयोदशी: नव्या सरकारचे लोक आले.
हिशेब मागितला. दिला.

त्यांनी ती मूठ वाचली की नाही, कळत नाही.
सरलष्कराचं नाव यापुढे कुठेच नाही,
शिक्क्याची जागा तेवढी
दोनेक महिने रिकामी सोडलेली, सवयीनं.

हद्द मिळाली काय? मुगळींनी आतून हाक दिली.
नाही म्हटलं. मग काय मिळालं?
हरभरे, म्हटलं.
कडली? असं म्हणून ते हसले आणि पुढची फाईल घेतली.

मी पावती केली.
पाने चार. रुपये दोनशे चाळीस.
हात मोकळा होता,
म्हणून वर एक रेघ ओढून पाहिली.
मध्येच तुटली.